नझीरभाईंचा बर्फ

नझीरभाई खोतांना कुणी लग्नाची पत्रिका दिली, की ते आधी ती वाचायचे नाहीत. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत तिची कड धरायची, कडेकडेनं सगळी फिरवायची, मग उजेडाकडे धरायची, आणि त्यानंतर विचारायचं, "कोणाचं लग्न?" भाकरी हातात आली तरी तेच. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला, तर ह्यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी त्याच्या शेरवानीची किनार चिमटीत धरली आणि मला हळूच म्हणाले, "पोरगा चांगला हाय. कापडात एक धागा तुटलेला हाय." मी म्हटलं, नझीरभाई, आज तरी राहू द्या. तर म्हणाले, "मी कुठं त्याला सांगितलं? तुला सांगितलं."

काल्हेरला एका शेठच्या गोडाऊनमध्ये आम्ही दोघं ग्रे तपासायचो. ग्रे म्हणजे लूमवरून नुकतं उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड. भिवंडीतल्या लूमचा माल ताक्याताक्यांनी, म्हणजे कापडाच्या लांब गुंडाळ्यांनी, आमच्याकडे यायचा. काचेचं तिरकं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वर रूळ. बटण दाबलं की कापड काचेवरून सरकत जातं आणि तपासणारा समोर उभा राहून बघतो, कुठे धागा तुटलाय, कुठे तेलाचा डाग पडलाय, कुठे वीण विरळ झालीय. दोष दिसला की मशीन थांबवायचं आणि त्या जागेसमोर किनारीला लाल दोरा बांधायचा. कापायचं नाही, लपवायचं नाही. घेणाऱ्यानं बाहेरूनच दोरे मोजावेत आणि घ्यायचा तर घ्यावा. दोरा नसलेला माल फ्रेश, दोरेवाला सेकंड. पहिल्या टेबलावर नझीरभाई, दुसऱ्यावर मी.

मी कामाला लागले तेव्हा पहिला आठवडा त्यांनी मला बटणाला हातच लावू दिला नाही. शेजारी उभं राहायचं आणि बघायचं. काय बघायचं ते सांगायचे नाहीत. चौथ्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "अहो, नुसतं पांढरं कापड आहे. ह्यात बघू काय?" ते म्हणाले, "पांढरं कुठं हाय?" आणि मशीन थांबवून हातभर कापडात त्यांनी मला पांढऱ्याचे सात प्रकार दाखवले. मला तीन दिसले. उरलेले चार मी त्यांच्या वयाकडे बघून मान्य केले. त्यांनी माझ्याकडून एकच वाक्य पाठ करून घेतलं: "मधलं सगळेच बघतात. तू किनार बघ." गडबड आधी किनारीला होते आणि मग आत सरकते, असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली, कारण मी कुणाचं लवकर कबूल करत नाही. आमच्या घरात तो रोगच आहे.

आता असा माणूस हिमालयात कशाला जायला लागला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांमुळे. डोळे चुरचुरतात म्हणून हे दाखवायला गेले. डॉक्टर म्हणाले, दिवसभर हातभर अंतरावर बघता, रोज थोडा वेळ लांबचं बघत जा. नझीरभाई डॉक्टरांचं सगळं ऐकायचे. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ते गोडाऊनच्या दारात उभे राहून लांबचं बघायला लागले. काल्हेरात दारातून लांबचं म्हणजे समोरच्या गोडाऊनची भिंत. उजवीकडे बघावं तर कंटेनर, डावीकडे बघावं तर त्याच्या मागचा कंटेनर. घरी गच्चीवर गेले, तर चारी बाजूंनी नव्या बिल्डिंगा. कशेळीच्या पुलावर थांबून खाडीवर नजर टाकली, तर मागून हॉर्न. पंधरा दिवसांनी ते डॉक्टरांकडे परत गेले आणि म्हणाले, "आमच्याकडे लांबचं नाय." डॉक्टर म्हणाले, मग हिमालयात जा. हे डॉक्टर मस्करीत म्हणाले होते. नझीरभाईंनी शेठकडे रजेचा अर्ज दिला.

अर्जात कारण लिहिलं होतं, 'लांबचं बघणे'. दुसऱ्या वर्षी लिहिलं, 'बर्फ'. तोही सप्टेंबरात, दिवाळीचा माल तुंबलेला असताना. शेठनी मला बोलावून विचारलं, "ये खोत का बर्फ का धंदा है क्या?" मी म्हटलं, नाही शेठ, बर्फ बघायला जातात. "देखने को? फिर?" मी म्हटलं, फिर वापस आते हैं. शेठनी बराच वेळ अर्जाकडे बघितलं आणि सही केली. बाहेरगावचे व्यापारी माल कुणी तपासला ते विचारून घ्यायचे, आणि नझीरभाई रागावून गेले असते तर उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

माझं माहेर अकलोलीचं. आमच्याकडे जमिनीतून गरम पाणी येतं, लोक लांबून अंघोळीला येतात, आणि हा माणूस उलट्या दिशेला चार दिवसांचा प्रवास करून बर्फ बघायला जाणार. मी आयुष्यात बघितलेला बर्फ म्हणजे मासळीच्या पेटीतला. "असतं काय तिथे?" मी विचारायचे. ते सांगायचे, हिमाचलात वर, गाडी संपते तिथून पुढे दोन दिवस चालायचं. सोबतीला अंगरूप नावाचा खेचरवाला असतो. मग एक हिमनदी लागते. नदी म्हणजे बर्फच, पण सरकणारा. तिचं नाव त्यांनी कधीही सांगितलं नाही. म्हणे, नाव सांगितलं की लोक जातात. मी म्हटलं, "नझीरभाई, काल्हेरातून कोण जाणार आहे?" तर म्हणाले, "तरी." शेवटी आम्ही सगळे तिला 'नझीरभाईंचा बर्फ' म्हणायला लागलो.

कॅमेरा त्यांनी बाजारातल्या एका स्टुडिओवाल्याकडून घेतला. तो डिजिटलवर गेला होता आणि जुना चौकोनी डबा फडताळात पडून होता, वरून मान खाली घालून बघायचा. एका रोलला बारा फोटो. पहिल्या वर्षी नझीरभाईंनी बारा फोटो काढले, घरी येऊन मोरीत रोल धुतला, आणि निगेटिव्हची पट्टी घेऊन कामावर आले. भिवंडीत खालून एवढा सपाट उजेड असलेली काच आमच्या टेबलाशिवाय कुठे असणार? सुट्टीत त्यांनी ती पट्टी टेबलावर ठेवली आणि कापडातले धागे मोजायचं छोटं भिंग असतं ते लावून बघायला लागले. मग मला बघायला दिलं. मी म्हटलं, शाई सांडलीय. ते म्हणाले, "तो बर्फ. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं दिसतं." असा मी पहिल्यांदा हिमालय बघितला, काळा.

दुसऱ्या वर्षी त्यांनी तिथूनच पुन्हा फोटो काढला आणि दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. काळा भाग थोडा कमी होता. त्यांना आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिसऱ्या वर्षी आणखी कमी. मग ते गंभीर झाले. म्हणाले, तपासायचं तर उभं राहायची जागा एकच पाहिजे. हिमनदीसमोर टेम्पोएवढा एक दगड होता. त्यावर ते पहिल्यापासून उभे राहायचे. आता त्यांनी स्टँडच्या तीन पायांसाठी ऑइल पेंटनं तीन ठिपके मारले. तोच दगड, तेच ठिपके, तोच सप्टेंबर, एकच रोल. बारातला एक फोटो ठेवायचा, त्याच्या पाकिटावर वर्षाचा आकडा घालायचा, बाकी बाद. असं चौदा वर्षं चाललं. जुबेदाभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "माणसं सासरीसुद्धा इतक्या नेमानं जात नाहीत."

फोटो ते कसा काढायचे हे अंगरूपनं मला एकदा फोनवर सांगितलं. एका वर्षी वर तंबूत पुण्याचे हौशी फोटोग्राफर आले होते. पहाटे सगळे सोनेरी उजेडासाठी थंडीत कुडकुडत उभे. सोनेरी उजेड आला. सगळ्यांचे कॅमेरे वाजायला लागले. नझीरभाई बर्फाकडे पाठ करून चहा पीत बसले होते. एकानं विचारलं, काका, तुम्ही नाही काढत? हे म्हणाले, "हा उजेड जाऊ दे, मग काढतो." त्यांना ढगाळ पाहिजे असायचं. उन्हात कुठलाही माल चांगला दिसतो, दोष दिसायला सपाट उजेड लागतो, हे त्यांचं म्हणणं. त्या वर्षी ते ढगांसाठी तीन दिवस बसले आणि पुणेकर खाली उतरताना ह्यांच्याकडे दयेनं बघत गेले.

ह्या चौदा फोटोंचे त्यांनी मुंबईत मोठे कागद काढून घेतले, चव्वेचाळीस इंच. चव्वेचाळीसच का, तर आमच्या कापडाचा पन्ना तेवढा. रुंदी त्याहून कमी-जास्त असली तर नजर घसरते, म्हणाले. मी ते कागद पहिल्यांदा बघितले तेव्हा खरं सांगते, शेवटपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून बघितले. आकाश जवळजवळ नव्हतंच. नुसता राखाडी, त्यात दुसरा राखाडी, आणि मधे तो बर्फ, कुठे दुधासारखा, कुठे ताकासारखा, कुठे मळक्या चादरीसारखा. त्यांनी सांगितलेले सातच्या सात पांढरे मला तिथे दिसले. मी ते त्यांना सांगितलं नाही.

एका शाळेनं त्यांना पर्यावरणावर बोलायला बोलावलं होतं. मी सोबत गेले, कागदांची नळी धरायला. मुलं मांडी घालून बसली होती. नझीरभाईंनी पहिला फोटो लावला आणि बोट ठेवून म्हणाले, "पहिल्या वर्षी बर्फ इथपर्यंत होता." मग चौदावा लावला. "आता इथपर्यंत हाय." आणि खाली बसले. मुख्याध्यापक माईक घेऊन म्हणाले, सर, विद्यार्थ्यांना काही संदेश? नझीरभाई उठले, माईक घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "नाय." उरलेला वेळ मुख्याध्यापकांनीच भरून काढला.

मुंबईच्या मीनाक्षी मॅडमनी हे कागद छापणाऱ्याकडे बघितले. त्यांची गॅलरी होती. एक दिवस त्या स्वतः काल्हेरला आल्या, कशेळीला ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकून. आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. नझीरभाईंनी टेबलावर चौदा कागद एकामागून एक सरकवले, आणि त्या पाण्याचा ग्लास हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, प्रदर्शन करायचं. नाव त्यांनी तिथेच ठरवलं: 'त्याच जागेवरून'. पत्रिका छापल्या. त्यावर लिहिलं, चौदा वर्षं, एक दगड, एक माणूस. नझीरभाईंनी पत्रिकेची कड फिरवून बघितली आणि खिशात ठेवली. पुढचे आठ दिवस ती त्यांच्या खिशातच होती. रिक्षावाल्यांनासुद्धा दाखवून झाली. आयुष्यभर दुसऱ्याचा माल पास-नापास करणाऱ्या माणसाचा स्वतःचा माल पहिल्यांदा लोकांपुढे जाणार होता. त्यांच्यापेक्षा मलाच जास्त काळजी लागली होती.

प्रदर्शनाला पाच दिवस राहिले होते. सुट्टीत त्यांनी चौदाही निगेटिव्ह टेबलावर ओळीनं मांडल्या आणि मला म्हणाले, "कल्पनाबाय, एकदा नजर टाक. उलटी कुठली ठेवली नाय ना?" मी भिंग डोळ्याला लावलं. मधला बर्फ मला एव्हाना तोंडपाठ होता, त्यात काय बघणार. सवयीनं मी कडेकडेनं गेले. डाव्या कडेला जवळच्या डोंगराचा उतार होता. पहिल्या वर्षी त्या उतारामागे काही नव्हतं. पाचव्या वर्षी मागून सुईच्या टोकाएवढं काहीतरी वर आलेलं. नवव्या वर्षी ते बोटाच्या पेराएवढं. चौदाव्या वर्षी उतारामागे अख्खं एक शिखर उभं. मी म्हटलं, "नझीरभाई, हे मागचं टोक वाढतंय का?"

जीभ ही वस्तू माणसाला कशाला दिलीय कोण जाणे.

ते म्हणाले, "डोंगर वाढत नाय." माझ्या हातातलं भिंग घेतलं. एकपासून चौदापर्यंत गेले. मग चौदापासून एकपर्यंत आले. चहा आला. त्यांनी आपला चहा प्याला, मग माझाही प्याला, आणि त्यांना ते कळलं नाही. मग म्हणाले, "हा डोंगर हलत नाय. मागचं शिखर हलत नाय. तरी ते त्याच्या आडून बाहेर येतंय." मी म्हटलं, "म्हणजे?" ते म्हणाले, "म्हणजे बघणारा हललाय."

त्यांनी तिथूनच अंगरूपला फोन लावला, स्पीकरवर. "अंगरूप, वो अपना पत्थर हिला है क्या?"

"हां चाचा, वो तो हर साल हिलता है," अंगरूप म्हणाला. "नीचे बर्फ है ना. ऊपर मिट्टी-पत्थर, नीचे बर्फ. सब धीरे धीरे नीचे खिसकता है."

"तूने कभी बताया नहीं."

"आपने पूछा नहीं, चाचा. मैंने सोचा आपको पता होगा. आप ही तो उस पर खड़े रहते हो."

नझीरभाईंनी त्याला शुक्रिया म्हणून फोन ठेवला. मग टेबलावर पालथा हात ठेवून म्हणाले, "तीस वर्षं हेच बघतोय मी. कापड सरकतं, टेबल जागेवर असतं. टेबलावर कधी संशयच घेतला नाय." दगड बर्फावर बसून इंचाइंचानं खाली येत होता, आणि ते त्याच्यावर उभे राहून बर्फापासून लांब जात होते. "म्हणजे फोटोत जेवढा कमी झालेला दिसतो, तेवढा सगळा बर्फ कमी झालेला नाय," ते म्हणाले. "थोडा मी मागे गेलोय. किती, ते मला माहीत नाय." आणि बटण दाबून त्यांनी ताका लावला.

चार दिवस ते माझ्याशी 'वर धर' आणि 'सोड' ह्यापलीकडे बोलले नाहीत. ताके नेहमीसारखे तपासत होते, दोरे नेहमीसारखे बांधत होते, पण खिशातली पत्रिका दिसेनाशी झाली. मला फार वाईट वाटलं. चौथ्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन मी रडले, तोंड धुतलं आणि येऊन त्यांना म्हटलं, "माझं चुकलं. मी बोलायलाच नको होतं. कुणाला कळलं असतं?"

त्यांनी मशीन थांबवलं. इतक्या वर्षांत ते माझ्यावर एवढे कधी चिडले नव्हते. "तुला कळलं ना? मग पंधरा-सोळा वर्षं मी तुला काय शिकवलं, गप बसायला?" मी म्हटलं, मग चार दिवस तुम्ही का गप्प होतात? ते म्हणाले, "मी माझ्यावर रागावलोय. तू मधे येऊ नको." आणि डब्यातला कोळंबीचा अर्धा वाटा माझ्या झाकणात काढून ठेवला, म्हणजे विषय संपला.

मग मॅडमना फोन. मॅडम आधी तेच म्हणाल्या, "नझीरभाई, कुणाच्या लक्षात येणार आहे?" हे म्हणाले, "लक्षात आलंय." तशी मॅडमचा आवाजच बदलला. "पण हे तर जास्त सुंदर आहे. तुम्ही स्वतः त्या बर्फाबरोबर वाहत होता. आपण भिंतीवर तसंच लिहू." नझीरभाई म्हणाले, "सुंदर काय त्यात? चूक हाय ती. नाव बदला." नाव बदलणं शक्य नव्हतं, पत्रिका गेल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "मग दोरे बांधू?" मॅडमना काय समजलं देव जाणे. घाईत होत्या, हो म्हणाल्या.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गॅलरीत पोचलो. नझीरभाईंनी पिशवीतून गोडाऊनचा लाल दोरा काढला. पहिल्या चार फोटोंना हात लावला नाही, त्यांत मागचं टोक दिसत नव्हतं. पाचव्यापासून पुढे प्रत्येक चौकटीच्या डाव्या बाजूला, बरोबर त्या टोकाच्या उंचीवर, एक छोटा खिळा आणि त्याला लाल दोरा. दहा चौकटी, दहा दोरे. मी स्टूल धरून उभी होते. मॅडम आल्या, एक पाऊल मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "वा." नझीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला नका विचारू.

संध्याकाळी लोक आले. चांगले कपडे घातलेले, हळू बोलणारे लोक. फोटोंसमोर खरंच थांबत होते. पण त्याहून जास्त दोऱ्यांसमोर थांबत होते. एक बाई म्हणाल्या, हा लाल म्हणजे पृथ्वीची जखम ना? नझीरभाई म्हणाले, "नाय. इथं माल खराब हाय." बाई हसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, किती नम्र आहेत. दाढीवाले एक गृहस्थ म्हणाले, दोऱ्यामुळे काळाची रेषा मिळते. नझीरभाई म्हणाले, "ती चुकीची खूण हाय." गृहस्थ म्हणाले, अगदी, माणसाची चूक. नझीरभाई म्हणाले, "माझी." गृहस्थांनी त्यांचा हात हातात घेतला आणि डोळे मिटून मान हलवली.

मग त्यांचा तोल गेला. ते आवाज चढवत नाहीत, पण एकेका चौकटीपाशी उभे राहून येईल त्याला सांगायला लागले. हे टोक बघा. पहिल्या फोटोत नाय. ह्याच्यात हाय. म्हणजे मी सरकलोय. म्हणजे फोटो जेवढा सांगतो तेवढं खरं नाय. हळूहळू लोकांना समजलं, आणि समजल्यावर ते अस्वस्थ झाले. दाढीवाल्यांनी हात सोडला. एकजण जरा खुशीतच म्हणाला, "म्हणजे बर्फ कमी होतोय हे सगळं खोटंच म्हणायचं तर." नझीरभाई त्याच्याजवळ गेले. "कमी झालाय," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी त्या दगडावरून उतरून चालत गेलो की अर्ध्या तासात बर्फाला हात लागायचा. आता अर्धा दिवस लागतो. दगड काय एवढा लांब सरकलेला नाय. पण जेवढा झालाय तेवढाच सांगायचा. तेवढा पुरे हाय." तो माणूस सरबत घ्यायला निघून गेला. मला तेव्हा त्या म्हाताऱ्याचा इतका अभिमान वाटला, आणि इतकी दया आली, की मी उगाच जाऊन त्यांची पाण्याची बाटली भरून आणली.

परतताना गाडीत ते फक्त एवढंच म्हणाले, "चौदाच्या चौदा सेकंड." मी म्हटलं, पहिले चार तरी? ते म्हणाले, "दगड पहिल्या दिवसापासून हलत होता. टोक दिसलं नाय म्हणून फ्रेश होत नाय."

त्या सप्टेंबरात ते पुन्हा वर गेले. गुडघा सुजलेला, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख ऑक्टोबरातली. जुबेदाभाभींनी मला सांगितलं, तू समजाव. मी समजावलं नाही. कारण सगळा घोळ माझ्या तोंडाने सुरू झाला होता, आणि आता त्याच तोंडाने त्यांना घरी बसा सांगायचं मला जमेना. बॅगेत त्यांनी कॅमेरा, एक रोल आणि हातोडी भरली.

पुढचं अंगरूपनं सांगितलं. चाचा दोन दिवस पत्थर ठोकत फिरत होते. ठोकायचे, कान लावायचे, पुढे जायचे. अंगरूप म्हणाला, चाचा, ऐसे पता नहीं चलता, और इस तरफ सब हिलता है. मग त्यानं समोरच्या बाजूचा डोंगराचाच खडक दाखवला, जो मातीतून वर आलेला नव्हता, डोंगराचं अंग होता. तिथे चढायला तासाभराचं काम. नझीरभाईंना सकाळपासून दुपार झाली. वर पोचल्यावर त्यांनी खडकावर हातोडी मारून बघितली, तीन ठिपके मारले आणि ढगांची वाट बघत बसले. ढग आले.

ऑपरेशननंतर ते कामावर परत आले नाहीत. पहिलं टेबल आता माझ्याकडे आहे. गुडघ्यामुळे ते पुन्हा वरही जाऊ शकले नाहीत, म्हणजे खडकावरून काढलेला तो एकच फोटो. असं होणार हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आधी, हिमालयातून आल्यावर तिसऱ्या दिवशी सुट्टीत त्यांनी माझ्या टेबलावर एक निगेटिव्ह ठेवली. बारातली एक, बाकी बाद. भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "माझ्या डोळ्यांचं खरं नाय. तू बघ."

मी बघितलं. आधी डावी किनार, मग वरची, मग उजवी, मग खालची. दोष सापडू नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि तपासणाऱ्याला असं वाटणं बरं नाही, म्हणून मी भिंग पुसून पुन्हा पहिल्यापासून बघितलं. एवढा वेळ मी कुठल्याही ताक्याला दिला नसेल. दोष नव्हता. बर्फही फारसा नव्हता. तिथून तो वळणाआड गेलेला, खालच्या कोपऱ्यात नखाएवढा काळा, बाकी सगळा दगड.

"बोल," ते म्हणाले.

"फ्रेश आहे, नझीरभाई. पण बर्फ..."

"हाय तेवढाच दिसतोय ना?"

"हो. आहे तेवढाच."

त्यांनी मान हलवली. निगेटिव्ह पाकिटात सरकवली, माझ्या कानामागचं पेन मागून घेतलं, पाकिटावर पंधराचा नाही, एकचा मोठा आकडा काढला, आणि शाई वाळेपर्यंत ते हातात धरून तसेच उभे राहिले.